मराठी फाइलची अक्षरं का फुटतात? एन्कोडिंग, बॉम आणि बाइटचा क्रम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात माझं काम याद्यांचं आहे. टॉवेल-चादरीच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या याद्या, पतसंस्थांच्या सभासदांच्या याद्या, गड्डा यात्रेच्या आसपास मंडळांच्या वर्गणीदारांच्या याद्या. एकाच यादीत मराठी, तेलुगू आणि कन्नड नावं येणं इथे रोजचंच. त्यामुळे अक्षरं फुटलेली फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन कोणी ना कोणी येतंच आणि प्रश्नही बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत.

फाइल काल नीट दिसत होती, आज सगळीकडे विचित्र चिन्हं आली. फाइल खराब झाली का?

बहुतेक वेळा नाही. फाइलमध्ये अक्षरं नसतातच, ० ते २५५ मधले आकडे एकामागून एक असतात. अशा प्रत्येक आकड्याला बाइट म्हणतात. कोणते आकडे म्हणजे कोणतं अक्षर, हे ठरवणारी पद्धत म्हणजे एन्कोडिंग.

यूटीएफ-८ या पद्धतीत 'स' हे अक्षर २२४, १६४, १८४ अशा तीन बाइटनी लिहिलं जातं. तीच फाइल एखाद्या प्रोग्रॅमने विंडोज-१२५२ ही पश्चिम युरोपातल्या भाषांसाठीची पद्धत धरून उघडली, तर तो या तीन बाइटची तीन वेगळी चिन्हं दाखवतो: डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए', मग चार बाजूंना काड्या फुटलेलं छोटं वर्तुळ, मग खाली लोंबणारी एक बारीक खूण. आकडे जागच्या जागी आहेत, वाचणारा चुकला आहे. अशा वेळी फाइल सेव्ह न करता बंद करा. खरं नुकसान त्या सेव्हमुळे होतं.

फुटलेल्या अक्षरांवरून मूळ भाषाही ओळखता येते. तिरक्या रेघेच्या 'ए'नंतर सारखं ते काड्यांचं वर्तुळ किंवा जपानी येनचं चिन्ह दिसत असेल, तर मजकूर देवनागरी आहे. अंशाचं चिन्ह किंवा अधिक-उण्याचं चिन्ह दिसत असेल, तर तेलुगू. वर चढवलेला बारीक दोन किंवा तीन दिसत असेल, तर कन्नड. कारण प्रत्येक लिपीचा दुसरा बाइट ठरलेला आहे: देवनागरीचा १६४ किंवा १६५, तेलुगूचा १७६ किंवा १७७, कन्नडचा १७८ किंवा १७९. तीन लिप्यांची यादी फुटून आली की मी आधी हेच बघतो.

इंग्रजी मजकुराचं असं का होत नाही?

कारण इंग्रजी अक्षरं, अंक आणि नेहमीची विरामचिन्हं पहिल्या १२८ आकड्यांत बसतात, आणि हे १२८ आकडे यूटीएफ-८, विंडोज-१२५२ आणि इतर बहुतेक पद्धतींत एकच आहेत. पद्धत चुकीची धरली तरी इंग्रजी नीटच दिसतं.

मला यात सगळ्यांत जास्त खटकतं ते हे. प्रोग्रॅम बनवणारा इंग्रजी नावं टाकून तपासतो, सगळं चालतं आणि चूक दिसतच नाही. ती दिसते तेव्हा एखाद्या विणकर बाईंच्या पासबुकावर त्यांच्या नावाच्या जागी ते काड्यांचं वर्तुळ छापलेलं असतं. यादी स्वीकारणारा कुठलाही प्रोग्रॅम घेताना 'ज्ञानेश्वर', 'कृष्णाबाई', 'ठोंबरे' अशी नावं टाकून बघा आणि मगच पैसे द्या.

पण फाइल कोणत्या पद्धतीत आहे हे फाइलवरच लिहिलेलं नसतं का?

साध्या मजकुराच्या फाइलवर नसतं. टीएक्सटी किंवा सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली यादी) हे नाव फक्त 'आत मजकूर आहे' एवढं सांगतं. वर्डच्या फाइलला स्वतःची रचना असते आणि त्या रचनेत एन्कोडिंगही ठरलेलं असतं. ईमेलच्या मथळ्यात एन्कोडिंगचं नाव जातं, वेब पानाबरोबर सर्व्हर ते पाठवू शकतो. साधी फाइल मात्र पेन ड्राइव्हवरून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून एका हातातून दुसऱ्या हातात गेली की तिच्याबरोबर काहीच जात नाही. वाचणारा प्रोग्रॅम अंदाज करतो.

अंदाज किती फसू शकतो याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. विंडोज एक्सपीच्या काळातल्या नोटपॅडमध्ये 'बुश हिड द फॅक्ट्स' एवढंच इंग्रजीत लिहून सेव्ह केलं आणि फाइल पुन्हा उघडली, की नऊ चिनी अक्षरं दिसायची. मोकळ्या जागा धरून ती अठरा अक्षरं, म्हणजे अठरा बाइट. नोटपॅडने दोन-दोन बाइटच्या जोड्या लावून ते यूटीएफ-१६, म्हणजे बहुतेक अक्षरांना दोन-दोन बाइट देणारी पद्धत, समजून वाचले.

आपल्याकडच्या जुन्या इस्की मानकात, म्हणजे १९९१च्या आयएस १३१९४ मध्ये, याची एक सोय होती. भारतीय लिप्यांसाठी एकच तक्ता आणि मजकुरात लिपी बदलायची असेल तर २३९ हा बाइट टाकून पुढच्या बाइटमध्ये लिपी सांगायची. योगायोगाने आजच्या यूटीएफ-८ फाइलच्या खुणेतला (म्हणजे बॉममधला, तो पुढच्याच प्रश्नात येतो) पहिला आकडाही २३९च आहे. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण जुनी इस्की फाइल हाती आली तर यामुळे गोंधळ होऊ शकतो म्हणून सांगितलं.

बॉम म्हणजे नेमकं काय?

बाइट ऑर्डर मार्क, म्हणजे बाइटचा क्रम दाखवणारी खूण. फाइलच्या अगदी सुरुवातीला ठेवलेलं एक न दिसणारं अक्षर. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एकेक क्रमांक देणारा तक्ता, यूटीएफ-८ आणि यूटीएफ-१६ या ते क्रमांक बाइटमध्ये लिहायच्या पद्धती. युनिकोडमधला या खुणेचा क्रमांक ६५२७९. वेगवेगळ्या पद्धतींत ते वेगवेगळ्या बाइटनी लिहिलं जातं (लहान-मोठं टोक म्हणजे काय ते पुढच्या प्रश्नात):

यूटीएफ-८ : २३९, १८७, १९१
यूटीएफ-१६, लहान टोक आधी : २५५, २५४
यूटीएफ-१६, मोठं टोक आधी : २५४, २५५

म्हणजे पहिले दोन-तीन बाइट बघूनच पुढचं सगळं कसं वाचायचं ते कळतं. चादरींच्या गठ्ठ्यावर, म्हणजे गाठीवर, चिठ्ठी लावतात तसं हे आहे, पण एक फरक मोठा आहे. गाठीची चिठ्ठी बाहेर असते. बॉमची चिठ्ठी गाठीच्या आत, वरच्या चादरीलाच शिवलेली असते. ज्याला ती ठाऊक आहे तो वाचून बाजूला करतो, ज्याला ठाऊक नाही तो तिला कापडाचाच भाग समजतो. बॉममुळे होणारे जवळपास सगळे त्रास इथूनच सुरू होतात.

बाइटचा क्रम म्हणजे काय? आकडा तर आकडाच असतो ना?

आकडा एकच, पण तो मांडायच्या रीती दोन. आपण २५ लिहिताना दशकाचा २ आधी लिहितो आणि एककाचा ५ नंतर. म्हणताना मात्र 'पंचवीस' म्हणतो: पाच आधी, वीस नंतर. सोलापूरच्या पूर्व भागातले तेलुगू बोलणारे 'इरवै ऐदु' म्हणतात, कन्नड बोलणारे 'इप्पत्तैदु': वीस आधी, पाच नंतर. रक्कम तीच, मोठा हिस्सा आधी की लहान एवढाच फरक. मराठी शिकणारं तेलुगू घरातलं मूल 'पंचवीस' ऐकून कधी कधी ५२ लिहितं. संगणकाचंही अगदी असंच होतं.

'स'चा युनिकोड क्रमांक २३६०. एका बाइटमध्ये २५५च्या वर मावत नाही, म्हणून यूटीएफ-१६ मध्ये त्याचे दोन बाइट होतात: ९ आणि ५६, कारण ९ गुणिले २५६ अधिक ५६ म्हणजे २३६०. मोठं टोक आधी लिहिणारा ९, ५६ लिहितो. लहान टोक आधी लिहिणारा ५६, ९ लिहितो. एकाचं लिहिलेलं दुसऱ्याने आपल्या रीतीने वाचलं तर क्रमांक येतो १४३४५, आणि ते आहे एक चिनी अक्षर. मराठी फाइल उघडली आणि पानभर चिनी अक्षरं दिसली, तर आधी बाइटच्या क्रमाचाच संशय घ्यावा.

इंटेलचे आणि त्यांच्या धर्तीचे प्रोसेसर लहान टोक आधी ठेवतात. आयबीएमचे मेनफ्रेम आणि मोटोरोलाचे जुने ६८००० प्रोसेसर मोठं टोक आधी ठेवत आले. इंटरनेटच्या मूळ नियमांतही मोठं टोक आधी. 'मोठ्या टोकाचे' आणि 'लहान टोकाचे' ही नावं डॅनी कोहेन यांनी १ एप्रिल १९८० च्या एका टिपणातून रूढ केली. अंडं कोणत्या टोकाने फोडावं यावरून भांडणारे दोन पक्ष एका जुन्या इंग्रजी कादंबरीत आहेत, तिथून ती घेतली. कोहेन यांचं म्हणणं असं की कोणता क्रम चांगला यापेक्षा सगळ्यांनी एकच क्रम पाळणं महत्त्वाचं. ते तेव्हा झालं नाही, म्हणून खूण लागली.

खूणच उलटी वाचली गेली तर?

त्यासाठीच ६५२७९ हा क्रमांक निवडला आहे. त्याचे दोन बाइट उलटे केले की ६५५३४ येतो आणि युनिकोडने तो क्रमांक कोणत्याही अक्षराला कधीच द्यायचा नाही असं ठरवून रिकामा ठेवला आहे. सुरुवातीलाच ६५५३४ दिसला की वाचणाऱ्याला कळतं, आपण उलट्या क्रमाने वाचतोय. इतकी साधी आणि इतकी पक्की योजना मला फार आवडते.

यूटीएफ-८ मध्ये तर क्रमाचा प्रश्नच नाही. मग तिथे बॉम कशाला?

बरोबर आहे. यूटीएफ-८ एक-एक बाइट ठरलेल्या क्रमाने लिहितं, उलटसुलट व्हायला जागाच नाही. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी ते १९९२ मध्ये आखलं ते जुने इंग्रजी मजकूर जसेच्या तसे चालावेत म्हणून. तिथे बॉम क्रम सांगत नाही, फक्त 'ही फाइल यूटीएफ-८ आहे' एवढं सांगतो. युनिकोडचं मानक त्याला मनाई करत नाही, पण तो लावाच असंही सांगत नाही.

म्हणून उत्तर 'कधी हो, कधी नाही' असं आहे. एक्सेलसाठी हो. बाकी जवळपास सगळीकडे नाही.

सीएसव्ही फाइलवर डबल क्लिक केलं की एक्सेलमध्ये मराठी फुटतं. काय करू?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. विंडोजवरच्या एक्सेलला सीएसव्हीत बॉम दिसला नाही, तर तो संगणकाची ठरलेली जुनी पद्धत धरतो, आपल्याकडे बहुधा विंडोज-१२५२. बॉम असेल तर यूटीएफ-८ म्हणून नीट उघडतो. दोन वाटा आहेत.

पहिली : फाइल डबल क्लिकने उघडू नका. रिकामं एक्सेल उघडा, डेटा टॅबमधून टेक्स्ट किंवा सीएसव्ही आणण्याचा पर्याय घ्या आणि फाइलच्या मूळ एन्कोडिंगच्या यादीत ६५००१ हा क्रमांक असलेला यूटीएफ-८ निवडा. खालच्या नमुन्यात नावं नीट दिसली की पुढे जा.

दुसरी : फाइल नोटपॅडमध्ये उघडा, 'सेव्ह अ‍ॅज' करा, एन्कोडिंगमध्ये 'यूटीएफ-८ विथ बॉम' निवडा आणि वेगळ्या नावाने ठेवा. आता डबल क्लिक चालेल.

एक्सेलमधून बाहेर काढतानाही साधं 'सीएसव्ही' निवडू नका, त्यात मराठीची प्रश्नचिन्हं होतात. यादीतच 'सीएसव्ही यूटीएफ-८' असा वेगळा पर्याय आहे. तो बॉमसकट फाइल देतो हे लक्षात ठेवा, कारण पुढचा प्रश्न त्याचाच आहे.

यादी अपलोड करताना 'नाव हा रकाना सापडला नाही' असं येतं. रकाना तर समोर दिसतोय!

हे माझ्या स्वतःच्या हातून झालंय आणि त्यात एक अख्खी दुपार गेली. एका कारखान्याची पगाराची यादी होती, पहिला रकाना 'नाव'. प्रोग्रॅम म्हणे, असा रकानाच नाही. शब्द पुसून पुन्हा टाइप केला, तरी तेच. मग रकान्यांची अदलाबदल केली, 'गाव' पहिला आणि 'नाव' दुसरा. आता 'नाव' सापडला आणि 'गाव' हरवला. जो पहिला येईल तोच हरवायचा. तिथे शंका आली. शब्दाची लांबी काढली तर तीनच्या जागी चार: न, काना, व आणि त्यांच्या आधी न दिसणारं एक अक्षर. तो बॉम होता. शब्द पुसून पुन्हा टाइप केला तरी एक्सेल सेव्ह करताना तो परत लावत होतं.

उपाय: अशी फाइल नोटपॅडमध्ये उघडून साध्या 'यूटीएफ-८' मध्ये सेव्ह करा, बॉम जातो. प्रोग्रॅम तुमचाच असेल आणि पायथन या भाषेत लिहिलेला असेल, तर फाइल वाचताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या. बॉम असेल तर तो काढतो, नसेल तर काही बिघडत नाही.

बॉम आणखी कुठे नको?

लिनक्सवर थेट चालवायच्या स्क्रिप्टमध्ये, कारण तिथे पहिले दोन बाइट ठरलेलीच चिन्हं असावी लागतात. पीएचपी या वेब पानं बनवणाऱ्या भाषेच्या फाइलमध्ये, कारण ते तीन बाइट पानाच्या आधीच बाहेर पडतात आणि लॉगिन, कुकी यांचे मथळे पाठवता येत नाहीत. नेटवर्कवरून जाणाऱ्या जेसनमध्ये (प्रोग्रॅम एकमेकांना माहिती पाठवतात ती मजकुराची रीत), २०१७च्या मानकाने तिथे स्पष्ट मनाई केली आहे. आणि दोन फाइली एकापुढे एक जोडताना, कारण दुसऱ्या फाइलचा बॉम मजकुराच्या मधोमध अडकून बसतो. तो दिसत नाही, पण त्या ओळीतलं नाव शोधून सापडत नाही.

नोटपॅडच्या यादीत इतके पर्याय आहेत. कोणता घेऊ?

'यूटीएफ-८'. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅड नवीन फाइल याच पद्धतीत, बॉमशिवाय, ठेवतं. त्याआधीच्या आवृत्त्यांत 'युनिकोड' असा पर्याय असायचा, पण तो खरा यूटीएफ-१६ होता, लहान टोक आधी. 'युनिकोडमध्ये पाठवा' असं सांगितलं की लोक तोच निवडायचे आणि घेणारा यूटीएफ-८ ची वाट बघत असायचा. अजूनही 'युनिकोडमध्ये द्या' एवढंच सांगू नका, 'यूटीएफ-८ मध्ये द्या' म्हणा.

फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर एक प्रयोग करा. नोटपॅडमध्ये फक्त 'सोलापूर' लिहा, एंटर दाबू नका, आणि चार प्रकारे सेव्ह करून प्रॉपर्टीजमध्ये आकार बघा. काना-मात्रा वेगळे मोजले की या शब्दात सात युनिकोड अक्षरं आहेत: स, ओकार, ल, काना, प, दीर्घ उकार, र. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन बाइट, म्हणून २१. बॉमसकट २४. यूटीएफ-१६ मध्ये प्रत्येकाला दोन आणि बॉमचे दोन, म्हणून १६. 'एएनएसआय' (नोटपॅडच्या यादीत संगणकाच्या ठरलेल्या जुन्या पद्धतीचं नाव) निवडलं तर नोटपॅड इशारा देतं, तो डावलला तर फाइल ७ बाइटची होते. उघडून बघा: सात प्रश्नचिन्हं.

प्रश्नचिन्हं आली असतील तर मराठी परत मिळेल का?

नाही. प्रश्नचिन्ह म्हणजे ६३ हा बाइट, प्रत्येक अक्षराच्या जागी तोच लिहिला गेला. मूळ आकडेच गेले. जुनी प्रत, ईमेलमधली जोडलेली फाइल, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली प्रत शोधा.

आणि विचित्र चिन्हं आली असतील तर?

फाइल नुसती उघडून बघितली असेल तर ती पुन्हा यूटीएफ-८ म्हणून उघडा, काम झालं. ती चिन्हंच सेव्ह झाली असतील, तर उलटा प्रवास करावा लागतो: मजकूर विंडोज-१२५२ मध्ये बदलून त्याचे बाइट काढायचे आणि ते यूटीएफ-८ म्हणून वाचायचे. हे बरेचदा जमतं, पण स्क्रीनवरून कॉपी-पेस्ट केलेला मजकूर असेल तर पूर्ण जमेलच असं नाही. विंडोज-१२५२ मध्ये १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ या पाच आकड्यांना चिन्हच नाही, आणि आपल्या नशिबाने ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट आहे १२९, हलन्ताचा १४१, 'ए'चा १४३, 'ऐ'चा १४४ आणि 'झ'चा १५७. कॉपी करताना हेच गळतात. म्हणजे जोडाक्षरं आणि पहिला उकार सगळ्यांत आधी जातात. 'ठ'चा शेवटचा बाइट मोकळ्या जागेसारखा दिसतो, तोही साध्या स्पेसमध्ये बदलून जातो. म्हणून चिन्हं कॉपी करून पाठवू नका, मूळ फाइलच पाठवा.

जुनी लग्नपत्रिका उघडली तर इंग्रजी अक्षरांचा गुंता दिसतो. बॉम लावला तर सुधारेल?

नाही सुधारणार. श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोड नसतोच. फाइलमध्ये खरोखरच इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे आकडे असतात, फॉन्ट त्यांच्यावर मराठी आकार चढवतो. त्या त्या फॉन्टसाठीचा कन्व्हर्टर लागतो. बदलल्यावर रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा, चुका तिथे राहतात.

वेब पानात काय लिहावं?

फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा आणि पानाच्या डोक्यातल्या मेटा टॅगमध्ये तसं लिहा. ही ओळ पहिल्या १०२४ बाइटच्या आत असली पाहिजे, म्हणून वर लांबलचक टिप्पण्या टाकू नका. ब्राउझर आधी बॉम बघतो, मग सर्व्हरने पाठवलेलं एन्कोडिंग, मग हा टॅग. पानात टॅग बरोबर असूनही अक्षरं फुटत असतील तर सर्व्हर काय पाठवतो ते तपासा.

बॉम काढायचाच आहे तर सगळीच न दिसणारी अक्षरं एकदम काढून टाकू का?

कृपा करून तसं करू नका. ६५२७९ फक्त काढा. ८२०४ आणि ८२०५ हीसुद्धा न दिसणारी अक्षरं आहेत, पण ती जोडाक्षर कसं दिसावं ते ठरवतात. 'दऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला डोळ्यातल्या पापणीसारखा र काही कीबोर्ड ८२०५ वापरून लिहितात. ते काढलं की 'दऱ्या'चं 'दर्या' होतं आणि 'पुजाऱ्यांची'च्या जागी 'पुजार्यांची' छापून येतं. एका मंदिराच्या पावतीपुस्तकाच्या मजकुरात मी हे झालेलं पाहिलंय, आणि शेकडो ओळी हातानेच दुरुस्त कराव्या लागल्या.

कोणाला फाइल पाठवताना सोबत काय लिहू?

तीन गोष्टी: यूटीएफ-८ आहे का, बॉम आहे की नाही, आणि एक नमुन्याची ओळ नीट वाचली जाते का त्याचा स्क्रीनशॉट. मी प्रत्येक यादीच्या पहिल्या ओळीत जोडाक्षर, ऱ्हस्व उकार आणि 'झ' असलेलं एक नाव मुद्दाम ठेवतो, आणि यादीत इतर लिप्या असतील तर तेलुगू-कन्नडचंही एकेक. घेणाऱ्याला फोन करून फक्त ती ओळ वाचायला सांगतो. ती बरोबर वाचली तर पुढच्या दोन हजार ओळींची काळजी राहत नाही.